गाडीवरची शिट्टी

३ तारीख, सोमवार. किलोमीटर ४१,२१८

या वहीत पुढून गाडीचे किलोमीटर लिहायचे असतात. मागची पानं कोरीच आहेत. म्हटलं, मागून आपलं लिहू. सातवीत शाळा सोडल्यापासून सही आणि पत्ता सोडून काही लिहिलेलं नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण बघणार कोण?

ही नववी नोकरी. ड्रायव्हर आणि हमाल दोन्ही मीच. बाईंना घेऊन गावोगावच्या शाळांत जायचं, टपावरच्या कॅरिअरवरून फळ्या उतरवायच्या आणि त्यांची एक खोली उभी करायची. खोली म्हणजे कपाटाएवढी. दार लावलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. एकेक पोरगं आत बसतं, कानावर हेडफोन. बाई बाहेर मशीनपाशी. "आवाज आला की बोट वर, गेला की बोट खाली." कुणाला कमी ऐकू येतं ते असं कळतं. एवढंच काम. आणि पोरं इतकी गंभीर होऊन बसतात, की देवळात कुणी बसणार नाही.

मी राहतो त्या खोलीवर माझ्याबरोबर एक पेंटर आहे. भिंती रंगवतो, केसातसुद्धा रंग. सकाळी मी अंथरूण गुंडाळून दोरीनं वळकटी बांधली तर हसायला लागला. "लेका, पाहुणा आहेस का? रोज काय बांधाबांध?" मी म्हटलं, सवय आहे. कुठून कधी निघावं लागेल सांगता येत नाही. खरं म्हणजे मीच निघतो. चार महिन्यांच्या वर पाय टिकलेला नाही कुठं. फक्त पत्र्याच्या कारखान्यात दोन वर्षं काढली, प्रेसवर. तिथं थाळ्या पडल्यासारखा धाड धाड आवाज दिवसभर. बाकीचे कानात बोळे घालायचे. मी नाही घातले कधी. म्हातारे घालतात बोळे.

५ तारीख, बुधवार

बाई पोचल्या पोचल्या कानशिलं धरून बसल्या. तासभर मशीन लावलंच नाही. म्हणाल्या, "या कॅरिअरनं डोकं उठवलं. कान वाजायचे थांबल्याशिवाय मला मशीन तपासता येत नाही." रोज सकाळी मशीनमधला सगळ्यात बारीक आवाज त्यांना स्वतःच्या कानानं ऐकून बघावा लागतो, मगच पोरांना बसवायचं. आज पोरं झाली फक्त अकरा.

आवाज येतो खरा. सत्तरच्या पुढं गेलं की टपावर घरघर सुरू. एखादा लठ्ठ माणूस वर झोपलाय आणि घोरतोय, असं. मला त्याचं काही नाही, मी याहून वाईट ऐकलंय.

कॅरिअरला तीन दांड्या. मागच्या दोनवर फळ्या, पुढची उघडी. वारा तिच्यावरच येऊन आदळतो. फळ्या तर न्यायच्याच, म्हणजे कॅरिअर काढता येत नाही. हळू जावं तर शाळा सुटेल.

१० तारीख, सोमवार. किलोमीटर ४२,००७

ऑफिसचे साहेब आले होते. पोरं कमी का होतात म्हणून बाईंना विचारलं. बाईंनी गाडीचं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग ही गाडीच नको. दुसऱ्या शाखेची बंद व्हॅन मागवतो एक तारखेपासून. तिचा ड्रायव्हर तिच्याबरोबरच येतो."

म्हणजे मी गेलो. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. मी चाकात हवा बघत होतो.

गंमत अशी की दुसरी वेळ असती तर मीच म्हटलं असतं, चला, बरं झालं. आज म्हणावंसं वाटलं नाही. आज एका पोरीनं बोट वर केलं, खाली केलं, परत वर केलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "आत मुंगीचा आवाज येतो." आता हे असलं कुठल्या नोकरीत ऐकायला मिळणार?

ताईचा फोन होता. छकुलीला दिला. ती माझी भाची, साडेतीन वर्षांची. पण ती माझ्याशी बोलतच नाही. नुसती हवा येते फोनमधून. ताई म्हणते, "अरे, केवढी बडबडतेय, ऐक ना!" मी हूं हूं करतो. पोरगी लाजते.

११ तारीख, मंगळवार

बाईंना विचारलं, शिट्टी... नाही, त्या तिला शिट्टी म्हणतात, मी घरघर म्हणतो. तर विचारलं, घरघर मी बंद केली तर? म्हणाल्या, "कर. तीस तारखेपर्यंत केलीस तर मी लिहून देईन साहेबांना."

येता येता वेल्डरमामांकडं थांबलो. रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान आहे, आम्ही तिथं हवा भरतो. मामा कुणाचेच मामा नाहीत, सगळ्यांचे आहेत. त्यांनी दांडीवर टिचकी मारली, मग मला हाताला धरून बाहेर आणलं.

"भाचेबुवा, ते धुराडं रोज बघतोस ना?"

समोरच्या कारखान्याचं धुराडं. लोखंडी, उंच, मान दुखेपर्यंत बघावं लागतं. त्याच्या वरच्या भागाला एक पट्टी गोल गोल गुंडाळत गेलेली आहे. मला वाटायचं जिना आहे. कोण शहाणा गोल गोल चढत असेल, असं मनात यायचं.

मामा म्हणाले, "जिना नाही. मी स्वतः जोडलीय ती पट्टी, तरुण होतो तेव्हा. वारा गोल वस्तूच्या बाजूनं जातो ना, तो सरळ जात नाही. एकदा या कडेनं भोवरा सोडतो, एकदा त्या कडेनं. हे, ते, हे, ते. एका तालात. झोपाळ्याला तालात नुसतं बोट लावत राहिलास तरी केवढा उंच जातो? तसं एवढं मोठं धुराडं डोलायला लागतं. ती पट्टी वाऱ्याला ताल धरू देत नाही."

मी कितीतरी वेळ वर बघत उभा राहिलो. एवढं अवजड लोखंड, आणि ते वाऱ्याच्या तालावर डोलतं. आणि त्याला थांबवायला बोटभर जाडीची, नाही, वीतभर रुंदीची पट्टी पुरते!

"मग दांडीला पण?"

"दांडीला दोरी," मामा म्हणाले.

१२ तारीख, बुधवार

आज जे बघितलं ते लिहिता येईल का माहीत नाही.

मामांकडं धूर बाहेर टाकायचा मोठा पंखा आहे. पुढची दांडी काढली आणि पंख्यासमोर बांधली. बाई शाळेत रिकामा वेळ असला की विणतात. त्यांच्याकडून लोकरीचे तुकडे मागून आणले होते, ते दांडीच्या मागं चिकटवले, एक वरच्या कडेला, एक खालच्या. पंखा लावला.

वरचा धागा उडाला, खालचा पडला. खालचा उडाला, वरचा पडला. वर, खाली, वर, खाली. शाळेतली पोरं बोटं करतात तसं. इतक्या जलद की दोन धाग्यांचे चार दिसायला लागले. दांडीला हात लावला तर हातात तोच थरकाप. वारा मला आजवर कधी दिसला नव्हता. अंगाला लागतो, धूळ उडवतो, पण दिसत नाही. आज दिसला. त्याला ताल आहे.

मग दोरी पाहिजे होती. मामांकडं सगळी तारच. मी खोलीवर पळत गेलो, वळकटीची दोरी सोडली आणि आणली. दांडीला तिरकी गुंडाळली, धुराड्यासारखी, वेढ्या-वेढ्यात वीतभर जागा सोडून. पंखा लावला.

धागे गोंधळले. एक इकडं, एक तिकडं, कुणाचा कुणाला मेळ नाही. हात लावला. दांडी गप्प.

मामा बिडी विझवून म्हणाले, "झालं. आता काय रडतोस?" मी रडत नव्हतो. पंख्याचा वारा डोळ्यात जात होता.

१३ तारीख, गुरुवार

नव्वदनं गेलो. घरघर नाही. लठ्ठ माणूस उठून गेला! मी आरशातून बाईंकडं बघून हसलो. बाई हसल्या नाहीत.

"घरघर गेली खरी," म्हणाल्या. "छान केलंस. पण शिट्टी आहेच."

"कुठली शिट्टी?"

"अरे, ही काय. आता, ही."

मी कान दिला. काही नाही. इंजिन, टायर, बस. बाई लाखात एक आहेत, पण कुणाकुणाला कौतुक करणं जड जातं तसं काहीतरी असावं. तोंडावर बोललो नाही.

अंथरूण सकाळी नुसतं गुंडाळून ठेवलं, संध्याकाळी बघतो तर सुटून पसरलेलं. दोरी नाही ना आता.

१६ तारीख, रविवार

पेंटरला गाडीत घेतलं, म्हटलं तिसऱ्या माणसाचा कौल घेऊ. सत्तरला त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "अरे बाबा, ही शिट्टी आहे का सुई? गावातली कुत्री मागं लागतील!"

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, बाईंनी शिकवून पाठवलंय का तुला? तो म्हणाला, "मी तुझ्या बाईंना पाहिलेलं पण नाही." मग वाद वाढला. तो म्हणाला, "तुला काहीच ऐकू येत नाही. किटली ओरडून ओरडून कोरडी होते, तू शेजारी बसलेला. सकाळी पाखरांनी माझी झोप मोडते, तू घोरतोस." मी म्हटलं, कुठली पाखरं? इथं पाखरंच नाहीत. या गावात आल्यापासून एक ऐकलेलं नाही.

तो माझ्याकडं बघतच राहिला. दोघं मिळून मला वेड्यात काढतायत.

१८ तारीख, मंगळवार

शाळेत पोरं लवकर संपली. खोली उभीच होती. बाई म्हणाल्या, "बस बघू आत. इतकी पोरं बसवलीस, स्वतः कधी बसलास का?"

हौसेनं बसलो. दार लागलं. आणि एवढी शांतता! इतकी की आधी मला कसलातरी आवाज आला आणि कळलं की तो माझाच आहे, रक्ताचा. आत, मानेच्या बाजूनं, सुप सुप. सव्वीस वर्षं ते चालूच आहे आणि मला पत्ता नाही.

मग हेडफोनमध्ये जाडा आवाज. बोट वर. त्याहून बारीक. बोट वर. आणखी बारीक, बोट वर. मजा येत होती. मग आवाज थांबले. मी वाट बघत बसलो. वाटलं, मशीन बिघडलं.

खोलीला तळहाताएवढी काच आहे. सहज बाहेर बघितलं. बाई बटण दाबत होत्या. थांबत होत्या. परत दाबत होत्या. माझ्या बोटाकडं बघत होत्या. परत दाबत होत्या.

माझं बोट मांडीवर होतं.

१९ तारीख, बुधवार. किलोमीटर ४२,९४४

आज काही लिहायचं नाही.

२० तारीख, गुरुवार

बाईंनी कागद दाखवला. एक रेघ सरळ जाते आणि मग उतारावरून धोंडा पडावा तशी खाली. "जाडे आवाज तुला ठीक येतात. हॉर्न, इंजिन, माणसाचं बोलणं बरंचसं. बारीक आवाज गेले. डाव्या कानाला थोडे आहेत, उजव्याला नाहीत." मग विचारलं, "कुठं होतास आधी?" मी प्रेसचं सांगितलं. "आणि कानात बोळे?" मी खाली बघितलं.

"येतील का परत?"

"नाही. आहे ते सांभाळायचं."

त्या उगीच गोड बोलल्या नाहीत, ते बरं वाटलं. मी म्हटलं, मग आता ज्याला ऐकू येत नाही असा ड्रायव्हर ठेवतील का? म्हणाल्या, "हॉर्न ऐकू येतो ना तुला? गाडी तू चांगली चालवतोस. तसं मी लिहून देईन. पण शिट्टी गेली नाही तर व्हॅन येणारच, ते माझ्या हातात नाही."

दिवसभर एकच डोक्यात. म्हणजे आहेत सगळे. किटली ओरडते. पाखरं आहेत. शिट्टी आहे. मी ज्यांना खोटारडे म्हटलं ते सगळे आवाज माझ्याभोवती भरलेले आहेत, आणि मी त्यांच्यातून असा चालत जातो, भिंत नसलेल्या घरातून जावं तसा. राग यायला पाहिजे होता. आला पण. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. केवढं मोठं आहे हे सगळं!

संध्याकाळी पेंटरची माफी मागितली. तो म्हणाला, "चल हट. किटली माझ्याकडं लागली." तेव्हापासून किटली तोच बघतो.

२१ तारीख, शुक्रवार

न ऐकू येणारी शिट्टी शोधायची कशी? मीच बाईंना म्हटलं, तुम्ही मागं बसा. शिट्टी आली की बोट वर, गेली की खाली. मी आरशातून बघतो.

बाई इतक्या हसल्या की विणकाम खाली पडलं. पण बसल्या, पोरांसारख्या ताठ.

सत्तर. बोट वर. साठ. खाली. सत्तर. वर. मला काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि आरशात ते बोट वर-खाली होत होतं. मी शिट्टी बघत होतो. त्या दिवशी वारा बघितला, आज शिट्टी बघितली.

दांडीच्या दोन्ही टोकांना टोपणं बसवली. बोट वर. दांडीतल्या खाचेत रबराची पट्टी घातली. बोट वर. फळ्यांचे पट्टे आवळले. वर.

"खोटं तर करत नाही ना बाई?" मी विचारलं.

"पोरंसुद्धा मला हेच विचारतात," बाई म्हणाल्या.

२४ तारीख, सोमवार

सापडलं!

गाडी धूत होतो. पाइप टपावर धरला आणि सहज वाकून काचेपाशी, खालून वर बघितलं. पुढच्या दांडीच्या पोटातून पाण्याच्या चार धारा पडत होत्या. बारीक, सारख्या अंतरावर, चाळणीतून पडाव्या तशा.

चार भोकं. पूर्वी कुणीतरी तिथं काहीतरी बसवलं असेल, काढून नेलं, भोकं तशीच ठेवली. आत दांडी पोकळ. म्हणजे बासरीच की! नव्वदच्या वेगानं वारा फुंकतोय आणि आम्ही खाली बसलोय. मी दोरी गुंडाळली तेव्हा दांडी हातात धरून फिरवली होती. एक भोक तर माझ्या अंगठ्याखाली असणार. आवाज वरून येतो म्हणून वरच बघत राहिलो, पोटाकडं बघितलं नाही.

भोकं बुजवायला काय? बाईंच्या पेटीत गुलाबी रंगाचं मळलेल्या कणकेसारखं काहीतरी असतं. ज्या पोरांना कानात यंत्र बसवायचं त्यांच्या कानाचा साचा त्याचा घेतात. पाच मिनिटांत त्याचं रबर होतं. उरलेला गोळा बाईंनी दिला. चारही भोकांत बोटानं दाबून भरला.

पोरांच्या कानातलं गाडीच्या पोटात. बाई म्हणाल्या, "हे मात्र साहेबांना लिहून देणार नाही."

२५ तारीख, मंगळवार

ताईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तू हूं हूं..." मी म्हटलं, हूं.

बाईंनी सांगून ठेवलं होतं, फोन डाव्या कानाला धर आणि पोरीला जाड्या आवाजात बोलायला सांग. ताईनं छकुलीला सांगितलं, "मामाशी बोक्यासारखं बोल." तिकडं खुसपुस झाली. मग एक खर्जातला, घोगरा, केवढा मोठा बोका बोलला:

"मामा, तू कधी येनार?"

ण नाही म्हणता येत तिला. हे मला आज कळलं.

२७ तारीख, गुरुवार. किलोमीटर ४३,८६०

परीक्षा. सगळ्यात लांबची शाळा, मोठा रस्ता. बाई मागं, विणकाम पिशवीत, हात मांडीवर. म्हटलं, डोळे मिटून घ्या, माझ्याकडं बघू नका.

साठ. सत्तर. माझे डोळे रस्त्यापेक्षा आरशात जास्त जायला लागले, म्हणून स्वतःला शिवी दिली. ऐंशी. बोट खाली. समोरून वारा असा की कडेची झाडं वाकलेली. नव्वद. बाईंचे डोळे मिटलेले, बोट मांडीवर. पुलावर वाऱ्यानं गाडी हलली, तेव्हाही बोट खालीच. नंतर बघितलं तर मान एका बाजूला कललेली. झोपल्या होत्या.

मी एवढी हळुवार गाडी आयुष्यात चालवली नाही.

शाळेत पोचलो तर बाईंनी लगेच मशीन लावलं. कानशिलं धरली नाहीत. एकतीस पोरं झाली. जेवायच्या सुट्टीत त्यांनी साहेबांना कागद लिहिला आणि मला वाचायला दिला. मला दोन वेळा वाचावा लागला. व्हॅनची गरज नाही, असं लिहिलंय. गाडीचा आवाज ड्रायव्हरनं स्वतः शोधून काढला, असंही लिहिलंय. बाईंनी तो फोनवर वाचून दाखवला, साहेबांनी तिथंच बरं म्हटलं.

आणि आता हे शेवटचं लिहितो, मग हात धुवायचे.

परत येताना धुराड्यापाशी सिग्नल लागला. बाईंनी काच खाली केली. आरशात बघितलं तर बोट वर!

गाडी उभी, वारा नाही, मग शिट्टी कुठून? "बाई, आता काय?"

"शिट्टी नाही रे. वर बघ."

धुराड्याच्या त्या गोल गोल पट्टीवर पाखरं बसली होती. शेकडो. पट्टीबरोबर वळत वळत वरपर्यंत, काळ्या मण्यांसारखी, एक जागा मोकळी नाही. मामांनी जोडलेली पट्टी. माझ्या कानात काहीच नव्हतं, नुसतं इंजिन. पण प्रत्येकाची चोच उघडत होती, मिटत होती. बाईंचं बोट वर जायचं, जरा खाली यायचं, लगेच वर. मग त्यांनी दुसऱ्या हाताचंही बोट काढलं. दोन्ही बोटं, वर-खाली, वर-खाली, थांबेचनात.

मी एकदा पाखरांकडं बघत होतो, एकदा बोटांकडं.

सिग्नल कधी सुटला कळलं नाही. मागचे सगळे हॉर्न मारायला लागले. ते मात्र स्वच्छ ऐकू आले.